घाण्याचं तेल खवट होतं, मग अंगातलं का होत नाही?

प्रश्न : घाण्यावरची सून, अमळनेर

नमस्कार मंडळी. अमळनेरला आमचा लाकडी घाणा आहे. मुख्य शेंगदाणा, हंगामात तीळ आणि करडई. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, बैलावर सुरू केला होता, आता मोटारीवर चालतो. आबा ७४ वर्षांचे आहेत, पण सकाळी कोठीचं झाकण उघडून पहिला वास अजून तेच घेतात. आम्हाला काही कळायच्या आठ दिवस आधी सांगतात, "ह्या तेलना वास इ ऱ्हायना," म्हणजे या तेलाला वास यायला लागलाय. आणि ते कधी चुकत नाहीत.

यंदा चैत्रात एकाच दिवशी गाळलेलं तेल तीन ठिकाणी गेलं. बरंचसं मागच्या अंधाऱ्या खोलीत स्टीलच्या कोठीत राहिलं. दोन काचेच्या बाटल्या दुकानात पुढच्या फळीवर ठेवल्या, तिथे दुपारी तीननंतर ऊन येतं. आणि एक गिऱ्हाईक स्वतःचा तांब्याचा हंडा घेऊन आलं, तांब्यातलं तेल चांगलं असतं म्हणून. हंड्यातलं तेल पंधरा दिवसांत खवट झालं. ते गृहस्थ परत आले आणि भर दुकानात म्हणाले, तुम्ही भेसळ करता. पैसे परत दिले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. फळीवरच्या बाटल्यांना महिन्याभरात वास आला. कोठीतलं तेल तीन महिन्यांनीही शेंगदाणे आत्ता फोडल्यासारखं होतं. तेल तेच, दाणा तोच.

आता दुसरी गोष्ट. आबांचे गुडघे दुखतात. सकाळी फिरायला जातात तिथे बाकावर कुणीतरी सांगितलं की म्हातारपणी पेशी गंजतात आणि ई जीवनसत्त्वाची ती हिरवी ४०० ची कॅप्सूल गंज थांबवते. आठ महिने झाले, रोज एक घेतात. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी "हे बंद करा" एवढंच सांगितलं. बाहेर खूप रांग होती, कारण विचारायचं राहून गेलं. आबा काही बंद करत नाहीत. म्हणतात, "खाऊ दे ना वं, माले बरं वाटस."

मी बी.ए. आहे, सायन्सचं मला फार कळत नाही. पण एका ठिकाणी वाचलं की तेलातसुद्धा ई जीवनसत्त्व असतं आणि तेच तेल टिकवतं. म्हणून मी आबांच्या दहा कॅप्सूल फोडून लिटरभर ताज्या तेलात घातल्या आणि ती बाटली त्याच फळीवर ठेवली. तिलाही महिन्यातच वास आला. इतरांपेक्षा एक दिवसही जास्त टिकली नाही.

मला मनापासून जाणून घ्यायचंय. तेल खवट होणं आणि पेशी खराब होणं ही एकच गोष्ट आहे का? असेल तर कॅप्सूलने ती थांबत का नाही? आणि आपल्या अंगात एवढी चरबी आहे, ३७ डिग्रीला, जन्मभर ऑक्सिजनमध्ये, ती खवट का होत नाही?

उत्तर १ : पथारीवाला, नंदुरबार

ताई, तेलाचं मला माहीत नाही, मिरचीचं सांगतो. आमच्याकडे पथारीवर मिरची वाळायला टाकतात. चार दिवस ऊन जास्त झालं, किंवा वाळल्यावर उचलायला उशीर झाला, की लाल रंग उतरतो, मिरची पांढुरकी पडते आणि भाव पडतो. तीच मिरची वेळेत उचलून कोल्ड स्टोरेजला टाकली की रंग टिकून राहतो. माझे वडील म्हणायचे, मिरची स्वतःचा रंग देऊन आतलं बी वाचवते. त्यांना कुठून कळलं होतं कोण जाणे. तुमचा तेलाचा वास आणि आमचा मिरचीचा रंग एकच आहे का, हे जाणकारांनी सांगावं. मीही थांबतो उत्तरासाठी.

उत्तर २ : रसायनवाले सर, चोपडा (निवृत्त)

ताई, प्रश्न दोनदा वाचला. ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण तांब्याचा हंडा, उन्हातली बाटली आणि अंधारातली कोठी असा स्वच्छ प्रयोग वर्गात कधी जमला नव्हता. सवडीने लिहितो.

पहिलं उत्तर: हो, एकच गोष्ट आहे. शेंगदाणा तेलातल्या स्निग्धाम्लांच्या लांब साखळीत जागोजागी दुहेरी बंध असतात. त्या बंधाशेजारचा हायड्रोजन सैल असतो. ऊन, उष्णता किंवा धातूमुळे तो एकदा निघाला की मागे एकटा इलेक्ट्रॉन उरतो. इलेक्ट्रॉनला जोडी लागते, एकटा पडला की तो स्वस्थ बसत नाही. अशा रेणूला फ्री रॅडिकल म्हणतात. त्यावर हवेतला ऑक्सिजन बसतो आणि तो रेणू शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढतो. आता शेजारी एकटा पडला, तो पुढच्याचा ओढतो. कपाशीच्या गंजीत एक ठिणगी पडावी तसं हे पसरत जातं. या तुटक्या साखळ्यांचे जे छोटे तुकडे उडतात, तोच आबांच्या नाकाला आठ दिवस आधी लागणारा वास.

आपल्या प्रत्येक पेशीभोवतीचं आवरण अशाच स्निग्धाम्लांचं असतं. तुमच्याच गावात १९४५ मध्ये शेंगदाणा तेलापासून वनस्पती तूप बनवायचा कारखाना निघाला, आजच्या विप्रोची ती सुरुवात. वनस्पती तूप टिकतं, कारण तेलात हायड्रोजन भरून ते दुहेरी बंध बुजवलेले असतात. पेशीला हा मार्ग बंद आहे. बंध बुजवले की आवरण तुपासारखं घट्ट होईल आणि पेशीची देवाणघेवाणच थांबेल. पातळपणा हवा तर खवटपणाची जोखीम आलीच.

म्हणून आवरणात ई जीवनसत्त्व बसवलेलं असतं. प्रमाण किती? हजारभर स्निग्ध रेणूंमागे साधारण एक. एवढ्याशाने भागतं, कारण पेटलेला रेणू शेजारच्या साखळीपेक्षा ई जीवनसत्त्वावर हजारपट लवकर जातो. ई आपला हायड्रोजन देऊन टाकतो आणि आग तिथेच विझते. पण दिल्यावर ई स्वतः एकटा पडतो, म्हणजे तोही रॅडिकलच होतो. फक्त मंद, सोशीक.

तुमच्या बाटलीतली गोष्ट इथेच संपते. तेलातलं ई एकेक करून खर्ची पडतं, संपलं की वास सुरू. बाटलीत त्याला परत भरून देणारं कुणी नाही.

अंगात आहे. ई जीवनसत्त्वाचं डोकं आवरणाच्या कडेला, पाण्याच्या बाजूला असतं. तिथे पाण्यात क जीवनसत्त्व फिरत असतं. ते आपला इलेक्ट्रॉन देऊन ई ला पुन्हा कामाला लावतं. टॅपल या शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये ही कल्पना मांडली, आणि १९७९ मध्ये पॅकर, स्लेटर आणि विल्सन यांनी परीक्षानळीत ते प्रत्यक्ष घडताना टिपलं. आता क रिकामं झालं. त्याला ग्लुटाथायोन भरून देतं. तीन अमिनो आम्लांचा हा छोटा रेणू आपलं शरीर स्वतःच बनवतं, यकृतात सगळ्यात जास्त. ग्लुटाथायोन रिकामं झालं की त्याला एनएडीपीएच नावाचा रेणू भरतो, आणि तो भरला जातो ग्लुकोजमधून. म्हणजे ई ने उसनं घेतलं क कडून, क ने ग्लुटाथायोनकडून, आणि शेवटी सगळी उधारी फिटते ती आज खाल्लेल्या ज्वारीच्या भाकरीवर. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे. अंगातली चरबी खवट होत नाही, कारण तिचा राखणदार दर क्षणाला भरला जातो. बाटलीत तो एकदाच भरलेला असतो.

आता हंड्याकडे येतो, कारण त्या गृहस्थाने तुम्हाला जे बोल लावले ते मला फार लागले. तुमचं तेल शुद्ध होतं. तांबं तेलातल्या या आगीला जबरदस्त चेतवतं, लोखंडही चेतवतं. तांब्यात पाणी ठेवावं, तेल नाही. हे पाटीवर लिहून दुकानात लावा, माझी विनंती आहे.

शरीरालाही ही भीती आहे. पेशीत तयार होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडला सुटं लोह भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतो. तो इतका तापट असतो की त्याला अडवायला शरीराकडे एकही एन्झाइम नाही. म्हणून शरीर तो बनूच देत नाही. लोह फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या डब्यात कुलूपबंद ठेवतं. आणि दुसरीकडून पेरॉक्साइड साफ करतं. सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं एन्झाइम, मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ओळखलेलं, सुपरऑक्साइडचं, म्हणजे पेशीत ऑक्सिजनपासून होणाऱ्या एका रॅडिकलचं, पेरॉक्साइड करतं. मग कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचं पाणी करतात. यात पहिल्याने काम केलं आणि दुसरा कमी पडला तर पेरॉक्साइड साचून उलट नुकसानच होतं. मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं: या पहिल्या एन्झाइमच्या पोटात तांबंच असतं, जस्ताबरोबर. हंड्यात सुटं असताना जे तांबं तेल जाळतं, तेच प्रथिनात नीट बसवलं की पेशी राखतं.

तुमचा कॅप्सूलचा प्रयोग. पाकिटावर बारीक अक्षरात "टोकोफेरिल ॲसिटेट" लिहिलेलं असेल, पाहा. या रूपात ई जीवनसत्त्वाचा हायड्रोजन देणारा हातच बांधलेला असतो, म्हणजे ते कपाटात टिकावं म्हणून. तो हात सुटतो आपल्या आतड्यात. बाटलीला आतडं नाही, म्हणून तुमच्या तेलात ते नुसतं पडून राहिलं. पण समजा हात मोकळा असलेलं ई तुम्ही एवढं घातलं असतं, तरी तेल जास्त टिकलं नसतं. प्रमाणाबाहेर ई झालं की ते तेलात उलट ऑक्सिडेशन वाढवतं. रिकामे झालेले ई चे रेणू गर्दीने उभे आणि भरून द्यायला कुणी नाही, मग तेच हळूहळू शेजाऱ्यांचा हायड्रोजन काढू लागतात. म्हणून मोठे तेलवाले ई एकटं घालत नाहीत. तेलात विरघळणारं क जीवनसत्त्वाचं एक रूप सोबत घालतात, आणि धातू धरून ठेवायला सायट्रिक आम्ल. तिथेही तिघं मिळूनच काम होतं.

आबांना हेच सांगा. रोजची गरज १५ मिलीग्रॅमच्या आसपास धरतात, कॅप्सूल ४०० ची. अमेरिका-कॅनडात ३५,५३३ पुरुषांवर मोठी पाहणी झाली. रोज ४०० युनिट ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी, २०११ च्या निष्कर्षांत १७ टक्के जास्त दिसला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजराला रंग देणारा पदार्थ, आणि ई देऊन पाहिलं होतं. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त होता. एकच पदार्थ मुठीने ओतला तर उसनवारीची साखळी बळकट होत नाही. डॉक्टरांनी एखाद्या आजारासाठी ठरवून दिली असेल तर ते वेगळं.

पथारीवाले भाऊ, तुमच्या वडिलांचं बरोबर होतं. मिरचीचा लाल रंग म्हणजे कॅरोटिनॉइड. उन्हाने चेतलेल्या ऑक्सिजनची ऊर्जा ते स्वतःवर घेतात आणि त्यात हळूहळू मोडतात, रंग उतरतो. फिकी मिरची म्हणजे खर्ची पडलेली राखण. आणि एक गोष्ट तुम्हाला आवडेल. क जीवनसत्त्वावरच्या कामासाठी ज्यांना १९३७ चं नोबेल मिळालं, ते सेंट-ग्यॉर्गी हंगेरीत सेगेद गावी होते. त्यांना ते शुद्ध स्वरूपात भरपूर मिळालं ते तिथल्या ओल्या मिरचीतून. ओल्याच, कारण वाळवताना क बहुतेक निघून जातं.

पुन्हा : घाण्यावरची सून, अमळनेर

सर, तुमचं उत्तर मी जेवण झाल्यावर आबांना मोठ्याने वाचून दाखवलं. तांब्याच्या हंड्याचं आलं तिथे त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, बैलघाण्याच्या काळात त्यांचे वडील तांब्या-पितळेत तेल ठेवू देत नसत. कारण कुणी सांगितलं नव्हतं. पाकिट पाहिलं, ॲसिटेटच लिहिलंय.

कॅप्सूल मात्र अजून उशाशीच आहे. मग रोजच्या जेवणातून हे सगळं मिळतं का? आमच्याकडे आठवड्यातून दोनदा भरीत-कळण्याची भाकरी, बाकी शेवभाजी, उडदाची डाळ, ठेचा असं असतं.

उत्तर ३ : आरोग्यसेविका, सातपुडा पायथा

ताई, जेवणाचं सर सांगतीलच. मला एक विचारायचंय, आणि याचं उत्तर आजच द्या. आबांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे का? चालू असेल तर एवढं ई जीवनसत्त्व त्यात भर घालतं आणि रक्तस्राव होऊ शकतो. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळी शौच, काहीही दिसलं तर थांबू नका.

सरांनी ती उसनवारी सांगितली, त्यातली एक कडी नसली तर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या पाड्यांवर व्हायवॅक्स मलेरिया निघाला की प्रायमाक्विन द्यावी लागते. काहींच्या रक्तपेशीत जन्मतःच जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम कमी असतं, पुरुषांत जास्त. लाल पेशीत ग्लुकोजमधून तो शेवटचा रेणू, एनएडीपीएच, भरायचं काम याच एन्झाइमचं. लाल पेशीला दुसरा मार्गच नाही. एरवी माणूस ठणठणीत असतो, शेतात राबतो. पण प्रायमाक्विनसारखं औषध पोटात गेलं की पेशीत रॅडिकल वाढतात, ग्लुटाथायोन रिकामं होतं आणि परत भरत नाही. पेशी फुटू लागतात. एक पोरगा तिसऱ्या दिवशी आईबरोबर आला होता. डोळे पिवळे, आणि बाटलीत आणलेली लघवी काळ्या चहासारखी. वेळेत जिल्ह्याला पोचला, वाचला. क आणि ई त्याच्या अंगात होतंच की. पण त्यांना भरून देणारी मागची कडी रिकामी होती. तेव्हापासून मी गोळी देताना तपासणी झाली का, घरात कुणाला अशी लघवी झाली होती का, हे विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

उत्तर ४ : रसायनवाले सर, चोपडा (निवृत्त)

सिस्टर, हे उदाहरण माझ्या तीन परिच्छेदांपेक्षा मोठं आहे. ताई, आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्या.

जेवणाचं थोडक्यात. ई ची काळजी तुमच्या घरात करूच नका, घाण्याचं तेल, दाणे, तीळ आहेत. क मात्र बाहेरूनच घ्यावं लागतं. शेळी ते स्वतःच्या यकृतात बनवते, माणसाला ती सोय नाही. आणि ते उष्णतेने जातं. भरितातली मिरची भाजली-परतली जाते, म्हणून ताटात वरून लिंबू पिळा, कांद्याची पात कच्ची घ्या, एखादी हिरवी मिरची कच्ची चावा. वजनाला वजन पाहिलं तर हिरव्या मिरचीत लिंबापेक्षा क जास्त असतं. दुपारी एक पेरू खाल्ला तर दिवसाची गरज भागून उरते. डाळ आणि कळण्याच्या भाकरीतून ग्लुटाथायोनला लागणारी अमिनो आम्लं येतात. आबांना रोज घाण्यापर्यंत चालू द्या. हालचालीने थोडे रॅडिकल वाढतात आणि त्यांच्याच इशाऱ्यावर शरीर आपली एन्झाइम वाढवतं. २००९ मध्ये जर्मनीत तरुणांवर झालेल्या प्रयोगात व्यायामाबरोबर क आणि ई च्या गोळ्या दिल्या, तर व्यायामाने इन्सुलिनचं काम जे सुधारतं, तो फायदाच दबला.

तेलासाठी गडद बाटल्या घ्या, गळ्यापर्यंत भरा म्हणजे आत हवा कमी राहते, आणि ती उन्हाची फळी सोडा.

पुन्हा : घाण्यावरची सून, अमळनेर

सिस्टर, तुमचा प्रश्न वाचून हातपाय गार पडले. आबांचे हृदयाचे ठोके अनियमित आहेत, दोन वर्षांपासून वॉरफेरिन चालू आहे. आणि पंधरा दिवसांपासून कोपराच्या खाली दोन निळे डाग होते. मी समजत होते की ढेपेची पोती उचलताना लागलं असेल.

दुसऱ्याच दिवशी नेलं. रक्त तपासलं, पातळपणा हवा त्यापेक्षा बराच जास्त निघाला. डॉक्टरांनी वॉरफेरिनची मात्रा ठरवून दिली, दर आठवड्याला तपासणी सांगितली. कॅप्सूल आबांनी स्वतः माझ्या हातात दिल्या. त्या वेळी काही बोलले नाहीत. आता डाग फिके पडत आलेत. तुम्ही विचारलं नसतं तर मी अजून पोत्यांनाच दोष देत बसले असते.

तांब्याची पाटी रंगवून लावली. ते गृहस्थ रविवारी बाजाराला आले होते, पाटी वाचून आत आले आणि दोन लिटर तेल घेऊन गेले, या वेळी स्टीलच्या डब्यात. गडद बाटल्या धुळ्याहून मागवल्या, गळ्यापर्यंत भरल्या, आतल्या खोलीत ठेवल्या. आज त्यांना एकेचाळीस दिवस झाले. सकाळी आबांनी एक उघडून हुंगली, बराच वेळ हुंगली, झाकण लावलं आणि होती तिथे परत ठेवून दिली.